जेल नेल स्ट्रिप्स घरी लावताना: कडा का सुटतात, सुरकुत्या का पडतात आणि नख न दुखावता काढायच्या कशा

गुलबक्षी:
जेल स्ट्रिप्सबद्दल सुटे प्रश्न सतत येतात आणि उत्तरं विखरून जातात, म्हणून हा स्वतंत्र धागा. सुरुवातीलाच एक गोष्ट ठासून सांगते. पट्टी दोन आठवडे टिकणार की तिसऱ्या दिवशी उचकटणार, हे लॅम्प लावायच्या आधीच ठरलेलं असतं. नख पूर्ण कोरडं होतं का, त्यावर तेलाचा अंश राहिला का आणि पट्टी कुठे कातडीला टेकली का, एवढंच पाहायचं. भारीतला लॅम्प आणि टॉप कोट यांची पाळी त्यानंतर.

'नेल स्ट्रिप' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे नेलपेंटचीच पातळ पट्टी. तिला लॅम्प लागत नाही, पाकीट फोडलं की ती हवेवर सुकत जाते. दुसरी अर्धवट कडक केलेल्या जेलची. ती पाकिटातून काढताना मऊ असते, बोटाच्या उबेने किंचित ताणते आणि यूव्ही किंवा एलईडी लॅम्पखालीच पक्की होते. हा धागा दुसरीचा. पहिलीला लॅम्पखाली कितीही वेळ धरलं तरी फरक पडत नाही. दुसरीला लॅम्प दिलाच नाही तर ती मऊ राहते, नखाने दाबली की खळगा पडतो. म्हणून पाकिटावर लॅम्पची सूचना आहे का, हे आधी वाचायचं.

आता तयारी. नेहमीच्या मॅनिक्युअरमध्ये बोटं कोमट पाण्यात बुडवतात, इथे अजिबात बुडवायची नाहीत. नख पाणी शोषून थोडं फुगतं. त्या फुगलेल्या नखावर पट्टी बसवली की थोड्या वेळाने नख सुकून मूळ आकारात येतं आणि पट्टी मात्र त्याच मापाची राहते. कडा तिथून सुटायला लागतात. आंघोळ किंवा भांडी झाल्यावर निदान तासभर जाऊ द्यावा.

क्युटिकलच्या बाबतीत बरेच जण चुकीची गोष्ट काढतात. नखाच्या मुळाशी दिसणारी जिवंत कातडीची घडी कापायची नाही, ती नखाच्या मुळाचं रक्षण करते. काढायचा असतो तो तिच्याखालून नखावर सरकत आलेला, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा. उजेडात बोट तिरपं केलं की तो नखाच्या चकाकीत मळकट डागासारखा दिसतो. लाकडी काडीचं चपटं टोक अगदी आडवं धरून, दाब न देता बारीक गोल फिरवलं की पांढुरका भुसा निघतो. हा पापुद्रा राहिला तर पट्टी नखाऐवजी त्यालाच चिकटते, आणि तो सुटला की पट्टीही सुटते.

मग १८० किंवा २४० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितकी कानस बारीक) कानशीने टोकाला आकार द्यायचा. बफर फक्त चकाकी जाण्यापुरता, प्रत्येक नखावर तीन-चार हलके हात. नखाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, दर वेळी घासत बसलं तर उरणार काय? शेवटी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पॅडने नख पुसायचं, कोपरेसुद्धा. पुसलेल्या नखाला नंतर बोट लावायचं नाही, केसांतून हात फिरवायचा नाही.

चांदणचुरा:
उत्तम सुरुवात. मापाबद्दल लिहिते, कारण सर्वाधिक पट्ट्या तिथे वाया जातात.

दहाही बोटांसाठी पट्ट्या आधी निवडून, क्रमाने मांडून ठेवाव्यात. वरची पारदर्शक फिल्म न काढता पट्टी नखावर धरून पाहायची. दोन मापांच्या मध्ये नख येत असेल तर लहान घ्यायची. दोन्ही बाजूंना आणि मुळाशी अर्धा ते एक मिलिमीटर नख उघडं राहिलं पाहिजे. ही फट डोळ्यांना खटकते, पण तीच पट्टी टिकवते. पट्टी कातडीवर चढली की कातडी हलते तशी कड वर उचलली जाते, त्या फटीत पाणी, साबण आणि केस शिरतात. लहान पट्टी नसेल तर मोठीची बाजू बारीक कात्रीने कापावी. एका बाजूने कमी करण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी थोडी कापली की गोलाई बिघडत नाही.

बसवताना गोल कड मुळाकडे. आधी फक्त मुळाशी टेकवायची, जागा पटली की मध्यरेषेवरून टोकाकडे दाबत जायचं, आणि मग मधून डावीकडे, मधून उजवीकडे. उलट केलं, म्हणजे कडा आधी दाबल्या, तर मध्ये हवा कोंडते आणि तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. सिलिकॉनची काडी असेल तर तिने, नसेल तर अंगठ्याच्या मऊ भागाने कडेकडेने दोनदा फिरायचं. नीट बसलेल्या पट्टीची कड नखात मिसळल्यासारखी दिसते. कडेला केसाएवढी पांढरी रेघ दिसली तर तिथे पट्टी अजून टेकलेली नाही. लॅम्पआधी तिथे पुन्हा दाबता येतं, लॅम्पनंतर काही उपाय नाही.

आणि ताणायची किती? शक्यतो नाहीच. पुरत नाही म्हणून खेचलेली पट्टी हळूहळू मागे आकसते, मग टोकाशी नख उघडं पडतं.

सरळरेषा:
टोकाबाहेर राहिलेली पट्टी लॅम्पआधी घासायची की नंतर? सूचनापत्रकांत दोन्ही सांगितलेलं असतं.

चांदणचुरा:
सरळरेषा, दोन्ही चालतं, पण नवशिक्यांनी मधला मार्ग धरावा. जास्तीची पट्टी नखाच्या टोकावरून खाली मुडपून घडी पाडायची. नेलकटरने किंवा कात्रीने टोकाबाहेर १-२ मिलिमीटर ठेवून बाकीची कापायची. मग लॅम्पची एक फेरी. कडक झालेला तो काठ कानशीने वरून खाली, एकाच दिशेने घासला की कुरकुरीत होऊन तुटतो. त्यानंतर दुसरी फेरी.

मऊ असताना घासली तर पट्टी कानशीला चिकटून ओढली जाते आणि टोकाला दातरे पडतात. कानस मागेपुढे चालवायची नाही. खालून वर येणारा प्रत्येक हात पट्टीला नखापासून उचलतो. टोकाच्या टवक्यांचं हेच मुख्य कारण आहे.

गुलबक्षी:
मी लॅम्पआधी घासण्याच्या बाजूची आहे. टोक घासून झाल्यावर कडेची पट्टी पुन्हा दाबून बंद करता येते, हा फायदा मोठा आहे. अर्थात कानस बारीक हवी, २४० च्या वरची, आणि हात सुटा हवा. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांच्यासाठी चांदणचुरा यांची पद्धत सोपी, हे मान्य.

निळा प्रकाश:
लॅम्पविषयी. जेलमध्ये फोटोइनिशिएटर नावाचा घटक असतो. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडला की तो फुटतो आणि त्यातून जेलच्या लहान रेणूंची साखळी जोडली जायला लागते. घरगुती लॅम्प साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या टप्प्यात प्रकाश देतात. लॅम्पवरचे वॅट म्हणजे वीज किती खर्च होते त्याचा आकडा. नखावर किती आणि कोणता प्रकाश पडतो हे त्यातून कळत नाही. म्हणून स्ट्रिप ज्या कंपनीची, तिने सुचवलेला लॅम्प वापरणं सगळ्यात बिनधोक. ते शक्य नसेल तर ३६५ आणि ४०५ नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबी देणारा घ्यावा.

वेळ बहुधा ६० सेकंदांची एक फेरी, दोन फेऱ्या पुरतात. काळा, गडद निळा, दाट चमकी आणि धातूसारखे रंग प्रकाश अडवतात. वरून कडक आणि खालून कच्चं, असं त्यांच्यात सहज होतं, म्हणून त्यांना एक फेरी जास्त द्यावी. फिक्या आणि पारदर्शक पट्ट्यांना ती गरज नाही, उगाच फेऱ्या वाढवून पट्टी ठिसूळ करू नये.

अंगठा नेहमी वेगळा. चार बोटांबरोबर अंगठा आत घातला की तो आडवा पडतो, प्रकाश तिरपा येतो आणि एक कड कच्ची राहते. 'बाकी सगळी टिकतात, अंगठ्याचीच निघते' ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. दोन्ही अंगठे सरळ, नख वर करून, स्वतंत्र फेरीत.

पक्की झाली का ते पाहण्यासाठी कडेजवळ दुसऱ्या नखाने हलकं दाबावं. खळगा पडला तर अजून एक फेरी. लॅम्पमध्ये चटका जाणवला तर हात लगेच बाहेर काढावा, काही सेकंद थांबून परत घालावा. साखळी जुळताना उष्णता निघते. स्ट्रिप आधीच अर्धी कडक झालेली आणि पातळ असते, त्यामुळे उष्णता कमी असते, पण वरून जाड जेल टॉप कोट दिला तर जाणवते.

आणखी एक. सूर्यप्रकाशातही यूव्ही असतं. उघड्या खिडकीशी बसून निवांत मापं जुळवत राहिलं तर उरलेल्या पट्ट्या बसल्या जागी कडक व्हायला लागतात. वाकवताना पट्टी मऊपणे न वळता कागदासारखी ताठ राहिली तर ती कामातून गेली. ती नखाच्या वळणावर बसणार नाही.

पानगळ:
खूप गोलसर, कमानीसारख्या वळलेल्या नखांवर पट्टी मध्ये छान बसते आणि दोन्ही बाजूंना चुण्या पडतात. यावर काय?

चांदणचुरा:
पानगळ, सपाट पट्टी दोन दिशांनी वळलेल्या पृष्ठावर बसवतोय, म्हणजे जास्तीचं कापड कुठेतरी जमा होणारच. शिवणकामात टक घेतात तसंच इथे करायचं. चुणी जिथे येते तिथे, बहुधा टोकाजवळच्या दोन्ही कोपऱ्यांत, बारीक कात्रीने एक-दीड मिलिमीटरची तिरपी चीर द्यायची आणि दोन कडा एकमेकींवर अगदी किंचित चढवून दाबायच्या. लॅम्पनंतर वरून टॉप कोट फिरवला की रेघ दिसत नाही. अशा नखांना एक माप लहान पट्टीच घ्यावी. बसवण्याआधी ती दोन बोटांत १०-१५ सेकंद धरून ऊब द्यावी म्हणजे लवचिक होते.

चुणी पडलीच तर पट्टी लॅम्पआधी टोकाकडून अर्धी उचलून परत बसवता येते. एकदा, फार तर दोनदा. त्यापुढे चिकटपणा कमी होतो. चुणी तशीच ठेवून लॅम्प दिला तर ती धारदार कंगोरा बनते आणि कपड्यांत, केसांत अडकून तिथूनच पट्टी फाटते.

सरळरेषा:
टॉप कोट लागतोच का?

गुलबक्षी:
लागतोच असं नाही, बहुतेक पट्ट्यांना वरचा चकचकीत थर असतो. पण लांब नखं असतील किंवा हाताला पाण्याचं काम जास्त असेल तर पातळ जेल टॉप कोट टोकाच्या कडेवरून, म्हणजे नखाच्या जाडीवर, आडवा फिरवावा. पाणी शिरतं ते टोकाकडून. जाड थर नको, बाजूंना ओघळतो. मुळाशी थेंब साचला तर लॅम्पआधी लाकडी काडीने तो पूर्ण पुसून काढायचाच.

पांढरा कोट:
गुलबक्षी यांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी गांभीर्याने घ्यावं, त्याचं कारण सांगते.

कच्च्या जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट आणि मेथाअ‍ॅक्रिलेट गटातली रसायनं असतात. पूर्ण कडक झाल्यावर ती साखळीत बांधली जातात आणि फारसा त्रास देत नाहीत. कच्ची असताना ती कातडीला पुन्हा पुन्हा लागली तर अ‍ॅलर्जी जडू शकते. अ‍ॅक्रिलेटला अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१२ साली 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. लक्षणं म्हणजे नखाभोवती खाज, लाली, बारीक पुरळ, बोटांची टोकं सोलवटणं, आणि कधी कधी पापण्यांवर किंवा मानेवर पुरळ, कारण बोटं तिथे लागतात. पापण्या सुजल्या की नखांचा विचार कुणी करत नाही आणि निदान लांबतं.

ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. याच गटातली रसायनं दातांच्या भरावात, सांधे बसवताना वापरल्या जाणाऱ्या हाडांच्या सिमेंटमध्ये आणि शरीरावर चिकटवायच्या काही ग्लुकोज सेन्सरमध्ये असतात. म्हणजे नखांवरून सुरू झालेली गोष्ट पुढे उपचारांत आडवी येऊ शकते. त्यामुळे कातडीपासून ती एक मिलिमीटर फट केवळ टिकण्यासाठी नाही. खाज सुरू झाली तर 'पुढच्या वेळी दुसरा रंग लावून बघू' असं करू नका. काढा, थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

घटकांची यादीही वाचावी. टीपीओ नावाचा फोटोइनिशिएटर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला आहे. हेमा (HEMA) हा मेथाअ‍ॅक्रिलेट गटातला घटक तिथे फक्त व्यावसायिक वापराच्या नखप्रसाधनांत चालतो. घरी लावायचं उत्पादन घेताना ही दोन नावं यादीत नसलेलं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅम्पच्या यूव्हीपासून कातडी वाचवायला बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे सोयीचे. सनस्क्रीनही चालतं, पण ते नखावर पसरतं आणि मग पट्टी चिकटत नाही. सनस्क्रीन लावायचंच तर सगळ्यात आधी, आणि त्यानंतर नखं अल्कोहोलने पुसायची.

पानगळ:
टक घेण्याची युक्ती नेमकी हवी होती, धन्यवाद. आता काढण्याचं सांगा. ओढली की एका झटक्यात निघते, तेच मोहात पाडतं.

गुलबक्षी:
तो मोह आवरायचाच. ओढून काढलेल्या पट्टीची आतली बाजू उजेडात धरून पाहा. तिच्यावर पांढुरके, अर्धपारदर्शक पापुद्रे दिसले तर ते नखाचे थर आहेत. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळाजवळ सोललेला भाग टोकापर्यंत जाऊन कापला जायला चार ते सहा महिने लागतात.

या पट्टीचा वरचा थर रिमूव्हरला सहज दाद देत नाही. म्हणून वरून कापूस घासत बसून उपयोग नाही, रिमूव्हर कडेतून आत गेला पाहिजे. लाकडी काडीचं टोक रिमूव्हरमध्ये बुडवून दोन्ही बाजूंच्या कडांना आणि मुळाशी फिरवायचं. दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग काडी बाजूच्या कडेखाली आडवी सरकवायची, तिथे थोडा रिमूव्हर आणखी सोडायचा आणि काडी एका बाजूकडून दुसरीकडे करवतीसारखी हळूहळू न्यायची. काडी वर उचलायची नाही, नखाला समांतर ठेवायची. अडली की जोर लावायचा नाही, परत रिमूव्हर, परत मिनिटभर. दहा नखांना २० ते ३० मिनिटं सहज लागतात आणि ती द्यावीत.

अगदीच घट्ट असेल तर वरचा चकचकीत थर कानशीने हलका घासून, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस ठेवून वर फॉइल गुंडाळायचं, १० ते १५ मिनिटं. अ‍ॅसिटोन पेट घेतं, त्यामुळे गॅस, मेणबत्ती जवळ नको आणि खिडकी उघडी हवी. आधी नखाभोवती व्हॅसलीन लावलं तर कातडी कोरडी पडत नाही. रिमूव्हर नसेल तेव्हा कोमट साबणपाण्यात थोडं तेल घालून १०-१५ मिनिटं बोटं बुडवली तरी कडा सैल होतात. मात्र त्यानंतर त्याच बैठकीत नवीन पट्टी लावू नये, नख भिजलेलं असतं.

सरळरेषा:
एखादीच कड उचकटली, बाकी पट्टी घट्ट आहे. गोंदाने चिकटवून चालेल?

पांढरा कोट:
नाही. उचकटलेल्या कडेखाली ओल आधीच गेलेली असते. वरून गोंद लावला तर ती आत बंद होते आणि स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंना आयती जागा मिळते. त्यातून नखावर हिरवट डाग पडतो. लोकांना तो रंग उतरल्यासारखा वाटतो, पण तो पुसून जात नाही. तेव्हा त्या नखाची पट्टी पूर्ण काढा, नख दिवसभर कोरडं ठेवा आणि मग नवी लावा. डाग दिसला, दुखलं किंवा नख खालच्या मांसापासून सुटलेलं वाटलं तर त्यावर काहीही न लावता डॉक्टरांकडे जावं.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर पट्ट्या आधीच काढून ठेवा. बोटाला लावतात तो ऑक्सिजन मोजणारा चिमटा नखातून प्रकाश पाठवतो आणि गडद रंगाने त्याचं मोजमाप बिघडू शकतं. घरी तोच चिमटा वापरणाऱ्यांनी निदान एक बोट मोकळं ठेवावं.

निळा प्रकाश:
उरलेल्या पट्ट्यांचं राहिलं. संचातल्या सगळ्या एका वेळी लागत नाहीत. उघडलेलं पाकीट घडी घालून अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचं, मग झिपच्या पिशवीत हवा काढून, अंधाऱ्या गार जागी. तरी शक्य तितक्या लवकर वापरून टाकाव्यात. आखूड नखं असणाऱ्यांना एका लांब पट्टीत दोन नखं होतात. मधून कापली की दुसऱ्या अर्ध्याची कड सरळ येते, ती बारीक कात्रीने आपल्या नखाच्या मुळाच्या गोलाईप्रमाणे कापून घ्यायची. कापलेली कड कारखान्यातल्या कडेइतकी पातळ नसते, म्हणून तो तुकडा करंगळी-अनामिकेला वापरावा. अंगठा आणि तर्जनीला सगळ्यात जास्त घासणं सोसावं लागतं, तिथे मूळ गोल कडच हवी.

चांदणचुरा:
पायाच्या नखांचंही लिहून टाकते. ती हाताच्या निम्म्या वेगाने वाढतात, त्यामुळे मुळाशी फट उशिरा दिसते आणि पट्टी जास्त दिवस बरी दिसते. अंगठ्याला हाताच्या संचातली सर्वांत रुंद पट्टीही बहुधा पुरत नाही, पायाचा वेगळा संच मिळतो तो घ्यावा. करंगळीचं नख इतकं छोटं असतं की पट्टी कापण्यापेक्षा त्याच रंगाचं जेल पेंट लावणं सोपं. लावल्यावर बंद बूट लगेच घालू नयेत, टोकाची कड आतून घासली जाते.

पानगळ:
काढल्यावर नखांवर पांढरे खरखरीत ठिपके राहतात, ते बुरशीचे का?

पांढरा कोट:
पानगळ, पट्टी काढल्याबरोबर दिसणारे, वरवरचे, हाताला खरखरीत लागणारे पांढरे ठिपके बहुतेक वेळा नखाचे वरचे थर उचकटल्याचे असतात. कोरडं पडलेलं केराटिन, म्हणजे नख ज्याचं बनतं ते प्रथिन, तसं दिसतं. बफरने घासून घालवायला जाऊ नका, नख आणखी पातळ होईल. एक-दोन आठवडे काही न लावता रोज रात्री क्युटिकल ऑइल किंवा साधं व्हॅसलीन चोळा, नखं आखूड ठेवा. ठिपके नखाबरोबर टोकाकडे सरकताना दिसले तर काळजी नाही. जागेवरच राहिले, पसरले, पिवळे पडले किंवा नख जाड व्हायला लागलं, तर तपासून घ्या आणि तोपर्यंत पट्टी लावू नका.